हाताच्या मापाचे

दुसऱ्याच्या हाताकडे पाहत राहण्याची मला एक खोड आहे. चेहरा माणसाला हवा तसा ठेवता येतो. दुःखात हसरा ठेवता येतो, आनंदात गंभीर ठेवता येतो आणि प्राचार्यांसमोर तर कसाही ठेवता येतो. हात मात्र तितके आज्ञाधारक नसतात. परीक्षेच्या वेळी वर्गावर पहारा देताना तीन तास दुसरे करायचे तरी काय? मी बाकांवरचे हात पाहत हिंडतो. कुणाच्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा असतो, कुणाच्या तळव्याला उसाच्या कोयत्याचा. पेपर कोण सोडवील हे त्यावरून कळत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत कोण कुठे होता, हे बरोबर कळते.

ही खोड सभ्यपणाची नव्हे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. "अहो, बांगड्या जुन्याच आहेत. एवढे काय निरखताय?" असे त्यांनी एकदोनदा विचारलेही. या प्रश्नाला नवऱ्याने कोणतेही उत्तर दिले तरी ते महागात पडते, म्हणून मी गप्प बसतो.

या खोडीपायीच आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका चित्रापाशी मी अडलो. पुस्तक आफ्रिकेवरचे होते. चित्रात सहारा वाळवंटातला एक तुआरेग पुरुष उभा होता. या लोकांत बुरखा बायका घेत नाहीत, पुरुष घेतात. निळ्या कापडाचे वेढे डोक्याभोवती आणि तोंडाभोवती असे घेतलेले, की दिसायचे ते फक्त डोळे आणि हात. मी अर्थातच हात पाहिले. डाव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, एक खंजीर बांधलेला होता.

कमरेला खोचलेला खंजीर आपल्या ओळखीचा असतो. हा हाताला होता. म्यानाला कातड्याचे एक कडे शिवलेले असते. त्यातून हात घालायचा की म्यान हाताशी घट्ट बसते. मूठ मनगटाकडे, टोक कोपराकडे. उजवा हात नुसता आडवा नेला की मूठ त्यात येते. या खंजिराला ते तेलेक म्हणतात. माली, नायजर या पश्चिम आफ्रिकेच्या मुलखात तुआरेग आणि त्यांचे शेजारी हौसा लोक असे हातखंजीर पिढ्यान् पिढ्या वापरत आले. पलीकडे सुदानातही ही चाल आहे. तिथे तो कोपराच्या वर, दंडाला बांधतात.

मला यातली गंमत अशी वाटली की शस्त्र अंगावर असूनही दोन्ही हात मोकळे राहतात. उंटिणीचे दूध काढा, दोर वळा, चहा ओता, शेळीचे करडू उचलून घ्या. खंजीर आपला हाताशी झोपलेला. मूठ क्रुसासारखी, आडव्या दांड्याची. ती बहुधा पितळेने मढवलेली असते. लोखंडाला उघडा हात लागणे त्या लोकांना बरे वाटत नाही, म्हणून हे पितळ, असे सांगतात. म्यान बकऱ्याच्या तांबड्या कातड्याचे. आणि तो तांबडा रंग कशाचा असावा? ज्वारीचा! हौसांच्या मुलखात ज्वारीची एक जातच अशी आहे की तिच्या ताटाभोवतीच्या पानांच्या वेष्टनातून लाल रंग निघतो. तो कातड्याला देतात. आमच्या नगरकडे ज्वारीची भाकरी होते, कडबा होतो, हुरडा होतो. पण खंजिराच्या म्यानाला ज्वारी रंग देते, हे वाचून मला घरचे माणूस परमुलखात भेटल्यासारखे झाले.

तसे पाहिले तर ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि इथलीच झाली. आणि ज्या गावात बसून मी हे लिहितो आहे, ज्याला २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर म्हणतात, त्या निजामशाहीच्या जुन्या राजधानीला आफ्रिका दूरची कशी म्हणावी? हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा इथे येऊन मलिक अंबर झाला. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकदम धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबराच्या हबशांनी हाताला काय बांधले होते, हे मला सांगता येणार नाही. पण हात आणि हत्यार यांचा विचार करायला नगरसारखे दुसरे गाव नाही, एवढे खरे.

चित्र पाहून मनात आले की हाताला चिकटलेली शस्त्रे आपल्याकडेही आहेतच की! पहिला आठवतो तो बिचवा. नागमोडी पात्याचा, मुठीला कडे असलेला, विंचवाच्या नांगीसारखा. तो मनगटाच्या वरच, पण बाहीच्या आत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात जे घडले, ते महाराष्ट्रातल्या लहान मुलाला सांगावे लागत नाही. तुआरेगाचा खंजीर सगळ्यांना दिसेल असा, आपला बिचवा कुणालाच दिसू नये असा. म्हणून की काय, आपल्या भाषेत बाहीतल्या वस्तूबद्दल नेहमीच संशय आहे. 'अस्तनीतला निखारा' म्हणजे विश्वासातला दगलबाज माणूस. एकच हात, एकच जागा. पण एका मुलखात ती भूषण मिरवण्याची झाली, दुसऱ्यात सावधपणाची.

दुसरी कट्यार. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली नाही, त्यांनी १९६७ सालच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात पाहिली आहे. दरव्हेकरांच्या त्या नाटकात कट्यार हा राजगायकाचा मान आहे. कट्यारीची मूठ इतर शस्त्रांसारखी पात्याच्या रेषेत नसते. ती शिडीच्या पायरीसारखी आडवी असते. दोन्ही बाजूंच्या दोन पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांनी मागे हातावर येतात. मुठीत धरली की पाते थेट बोटांच्या पेरांपुढे. ठोसा मारावा तसा वार करायचा आणि त्यामागे सगळ्या हाताचे बळ उभे करायचे. टोक मुद्दाम जाड ठेवीत, चिलखताच्या कड्यांत शिरून वाकू नये म्हणून. दक्षिणेत ती विशेष वाढली. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारात कट्यारीचे अतिशय देखणे नमुने होते. १८५५ साली ते राज्य खालसा झाले आणि ती शस्त्रे विखुरली. काही मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, काही समुद्रापार गेली.

आणि तिसरा पट्टा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी फळ्यावर त्याचे चित्र काढले होते. चित्रात एक गोष्ट बरोबर साधली होती: पट्ट्याला मूठ नसतेच. असतो तो लोखंडी हातमोजा, थेट कोपराकडे जाणारा. आत एक आडवा दांडा, तो मुठीत धरायचा. मागे एक पट्टी, ती हातावर बसते. पुढे लांब, सरळ, दुधारी पाते. पट्टा चढवला की मनगट वळत नाही. वार कोपरातून आणि खांद्यातून येतो. सगळा माणूसच भिंगरीसारखा फिरतो. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत आजही जमिनीवर ठेवलेली लिंबे पट्ट्याने सपासप कापताना लोक पाहतात.

या पट्ट्याने मराठीला एक शब्द दिला आहे. तो आपण रोज वापरतो आणि त्यातले पाते आपल्याला कापत नाही. पट्टा फिरवणारा तो पट्टाईत. त्याचाच झाला पटाईत. आज थापा मारण्यात पटाईत, उधारी बुडवण्यात पटाईत आणि रजेचा अर्ज लिहिण्यात पटाईत, अशी पट्टा न पाहिलेली किती तरी माणसे आपल्या आसपास आहेत. शस्त्र गंजते, शब्द घरात राहून भाजी चिरत बसतो.

पट्टा मला संग्रहालयात पाहताना नेहमी थोडा अस्वस्थ करतो. तलवार काचेमागे नुसती तलवार असते. पट्टा म्हणजे रिकामी बाही. त्यात आता नसलेल्या एका हाताची जागा अजून शिल्लक आहे. ती जागा इतकी अरुंद असते की आजच्या धिप्पाड गड्याने हात घालायचा म्हटले तर अडकावा. म्हणजे तो हातमोजा घडवणाऱ्याने आधी कुणाचा तरी हात पाहिला होता. मनगट किती, कोपर किती, मुठीत दांडा किती जाड मावेल. तेलेकच्या कातडी कड्याचेही तेच. सैल झाले तर म्यान गळून पडेल, आवळ झाले तर हाताला मुंग्या येतील. कमरेची तलवार दुकानातून आणता येईल. हाताचे शस्त्र मापानेच करावे लागते. घडवणारा आणि बाळगणारा एकदा तरी समोरासमोर बसलेले असतात.

बसले होते खरे. पण पुढे इतिहासात एकटा बाळगणाराच येतो. नगरला १५४९ साली ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन. तिच्यावर ओतणाऱ्या महंमद रूमीचे नाव कोरलेले आहे. एवढी मोठी वस्तू असली की कारागिराच्या नावाला जागा मिळते. बिचव्यावर ती कुठून मिळणार? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याला आली. लोकांनी रांगा लावल्या. ती शिवरायांचीच का, यावर वाद रंगले. ठामपणे सांगता येत नाही, असे त्या संग्रहालयानेही म्हटले आहे. ती घडवली कुणी, हा प्रश्न मात्र त्या सगळ्या गदारोळात माझ्या तरी कानांवर आला नाही.

तो प्रश्न मला सुचला तो वर्गात. मी शब्दांच्या छटा शिकवीत होतो. पाणीदार डोळे, पाणीदार मोती, पाणीदार माणूस. मूळ अर्थ हत्याराला दिलेले पाणी, असे सांगून मी पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा एरवी हजेरीलाही मान हलवून भागवणारा. "सर, पाणी कसं देतात, सांगू का?" म्हणाला. वर्ग हसला. मी म्हटले, "सांग."

त्याने सांगितले. तापून लाल झालेले पाते पाण्यात घातले की ते कडक होते, पण काचेसारखे. दगडावर पडले तर तुकडे. म्हणून ते घासून थोडे चकचकीत करायचे आणि पुन्हा हळूहळू तापवायचे. आता रंगावर डोळा ठेवायचा. पहिल्यांदा गव्हाच्या काडासारखा पिवळा येतो, मग तपकिरी, मग वांग्यासारखा जांभळा, मग निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे, कुऱ्हाडीला जांभळ्यावर. निळा आला की धार मऊ पडली. तो स्प्रिंगेला ठीक, पात्याला नाही. "हे दुपारी उन्हात दिसत नाही, सर. म्हणून आमचे वडील पाणी दिवस कलल्यावर देतात." वर्गात आता कुणी हसत नव्हते. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरे बसून होती. माझ्या तासाला हे सहसा होत नाही.

मुलगा घिसाडी समाजातला होता. घिसाड्यांची पाले नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला आपण सर्वांनी पाहिली आहेत. जमिनीत रोवलेली ऐरण, कोळशाची भट्टी, पूर्वी कातड्याचा भाता आणि आता हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि घण घालते ती बाई, कधी कधी पाठीला पोर बांधून. पोलाद म्हणून बहुधा मोटारीचे जुने पाटे. बाहेर मराठी बोलणारे हे लोक आपापसात आपली वेगळी बोली बोलतात. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत 'तारीमुकी' या नावाने तिची नोंद आहे. आणि आता पुन्हा त्या आफ्रिकेच्या पुस्तकाकडे वळतो. तुआरेगांचे लोहार, ज्यांना इनादन म्हणतात, तेही वेगळे मानले जातात. ते लोकांत राहतात पण लोकांतले नसतात. त्यांचीही आपसातली एक वेगळी भाषा आहे. त्यांच्या बायका कातड्याचे काम करतात, म्यानेही शिवतात. लोखंड तापवणाऱ्या या दोघांनाही वेगळी जागा आणि स्वतःची भाषा मिळाली आहे. त्याच्याशिवाय चालत नाही आणि त्याला पंक्तीलाही बसवायचे नाही.

पंक्तीवरून आठवले. माझी आई डावखुरी. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात साठ वर्षांपूर्वी डावखुरी सून ही साधी गोष्ट नव्हती. शाळेत डाव्या हातावर छड्या खाऊन ती पाटीवर उजव्याने लिहायला शिकली. सासरी वाढताना पळी डाव्या हातात गेली की आजी नुसते खाकरायची. तेवढे पुरे असे. घरातली सगळी कामे आईने उजव्या हाताला शिकवली. शेतातले एक काही जमेना. विळ्याच्या पात्याला धार एका अंगाने असते आणि दाते त्याच अंगाने पाडलेले असतात. उजव्या हाताचा विळा डाव्यात धरला की तो ताटावरून वर निसटतो. ज्वारीच्या काढणीत आई बायांच्या मागे पडायची आणि तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या.

एका वर्षी सुगीआधी गावाबाहेर घिसाड्यांचे पाल पडले. मी सहा-सात वर्षांचा असेन, आईचे बोट धरून गेलो होतो. आईने विळा मागितला. घिसाडणीने घण खाली ठेवला आणि म्हणाली, "हात बघू, आक्का." आईने सवयीने उजवा पुढे केला. बाईने तो उलटासुलटा पाहिला आणि सोडून दिला. "ह्यो न्हाई. चिंध्या बांधल्यात त्यो दाव." आईने डावा हात पदरातून बाहेर काढला. बाईने तो आपल्या काळ्या, खरबरीत हातात घेतला, बोटे मिटवून पाहिली, मनगटाभोवती दोन बोटांचे कडे करून माप घेतले आणि नवऱ्याला त्यांच्या बोलीत काही सांगितले. तो मान हलवून हसला. संध्याकाळी विळा मिळाला. धार उलट्या अंगाने, दाते उलट्या अंगाने, मूठ बाभळीची आणि आईच्या बोटांना बेताची. किंमत दीड पायली ज्वारी आणि वर थोडी चिल्लर.

त्या सुगीत आई पातीवर सगळ्यांच्या पुढे होती. आजी खाकरली नाही. घरी दुसऱ्या कुणाला तो विळा चालत नसे. तो आईचा एकटीचा होता. तिच्या मालकीची, दुसऱ्या कुणाच्या हाताला न बसणारी अशी ती बहुधा पहिली वस्तू. पुढे पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारले, "तुला त्या बाईचे नाव आठवते का?" ती म्हणाली, "नाव कशाला विचारीन रे? तिनं तरी माझं कुठं विचारलं? तिनं हात विचारला."

आई आता आमच्याजवळ नगरलाच असते. गुडघे धरतात, शेत वाट्याने दिले आहे. विळा मात्र तिने गावाहून येताना पातळाच्या घडीत गुंडाळून आणला. पाते झिजून चंद्रकोरीएवढे राहिले आहे. गेल्या वर्षी त्याची मूठ निखळली. बाजारात आता कारखान्यातले विळे मिळतात, स्वस्त आणि टिकाऊ, सगळे उजव्या हाताचे. मी तो विळा पिशवीत घालून त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. केडगावच्या बाजूला रस्त्याकडेला त्यांची भट्टी. गिऱ्हाईक पूर्वीसारखे नाही. दिवसाला चार कुऱ्हाडींना धार लावली तरी पुष्कळ. मुलाने पोलीसभरतीचा अर्ज भरलेला आहे आणि वडिलांना ते मान्य आहे. "ह्याच्या हाताला घण बसंना, सर. पेन बसतं," एवढेच ते म्हणाले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. मापाची गोष्ट सांगावी तसे ते बोलले.

विळा त्यांनी हातात घेतला, नखाने धार पाहिली, मूठ उलटी करून झीज पाहिली. "डाव्या हाताची बाई. अंगठा वर ठेवून धरायची." मी चकित झालो. आई अंगठा वर ठेवते हे मला, तिच्या मुलाला, माहीत नव्हते. हात पाहण्याची माझी एवढी मोठी खोड. पण हा माणूस हत्यारावरून हात वाचत होता. मग त्यांनी विचारले, "आता कापायचं काय?"

मी म्हटले, "काही नाही. तिला तो हातात धरायला हवा असतो."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग मुलाला हाक मारून त्यांनी पंखा फिरवायला बसवले. पात्याची शेपटी तापवून नव्या मुठीत ठोकली आणि शेंबी चढवली. मूठ या वेळी थोडी बारीक केली, कारण, ते म्हणाले, "वय झालं की हात बारीक होतो, मुठीनं पण व्हावं." धारही लावली. मी म्हटले, "धार कशाला? घरात पोरे आहेत." त्यावर ते म्हणाले, "सर, बिनधारेचं दिलं तर आमचं हत्यार कशाला म्हणायचं? पोरांना सांगा, आजीला विचारून हात लावा."

पैसे त्यांनी वाजवी घेतले. आईने विळा घेतला, अंगठा वर ठेवून धरला, एकदा हवेत आडवा फिरवला आणि "बसला," म्हणाली. यंदाच्या वसुबारसेला त्या डाव्या हाताने तिने अंगणातले गवत कापून शेजारच्या गाईपुढे टाकले. उजवा हात गुडघ्यावर विसावला होता.